इंदूला माझे हात नको होते

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायचा धोका नको.

माझी थोरली लेक इंदू तीन वर्षांची होत आली तरी हाकेला वळत नव्हती. सगळ्या गावानं ठरवलं, पोर बहिरी आहे. मीही ठरवलं. आणि बहिऱ्या लेकराला आईची चाहूल लागावी म्हणून मी काय करावं? कासारणीला घरी बोलावून दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरून घेतल्या. हिरव्या, लाल, मधे मधे सोनेरी ठिपक्यांच्या. कासारीण म्हणाली, "बाई, घरात लगीन निघालं का?" मी म्हणाले, "न्हाई, लेकराला ऐकू यावं म्हणून." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा टोपल्याकडं पाहिलं, आणि आणखी भरल्या. तिचं काय जात होतं!

तेव्हापासून मी घरात चालले की घुंगरांची बैलजोडी आल्यासारखं वाटायचं. मी इंदूच्या कानाशी हात हलवायची, गालावरून बोटं फिरवायची, गुदगुल्या करायची. इंदू दोन्ही हातांनी कान गच्च दाबून ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसायची. कान दाबून! बहिरं लेकरू कान कशाला दाबील, हा सवाल त्या बाईच्या डोक्यात एकदाही आला नाही. त्या बाईच्या म्हणजे माझ्याच. तेव्हाची मी आठवली की मला ती कुणी दुसरीच वाटते. नाकात मुरणी, डोळ्यांत काजळ आणि डोक्यात भुसा.

हे सगळं धावड्याचं, भोकरदन तालुक्यातलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. जालना जिल्हा अजून झालेला नव्हता. आमचा जिल्हा औरंगाबाद आणि मोठा दवाखाना म्हणजेही औरंगाबादच. आता लिहायला बसले ते सुनेमुळं. तिच्या मैत्रिणीचं लेकरू असंच आहे. ती आमच्या ओसरीवर बसून रडली, तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं आणि ती हसायला लागली. सून म्हणाली, "आई, लिहून काढा. रडणाऱ्या बाया पुष्कळ असतील."

पोपटाचा पेरू

इंदू दिसायला सुरेख होती. ताप नाही, खोकला नाही. पण तिची नजर माझ्या तोंडाच्या कडेनं निघून जायची, रस्त्यानं जाणारा माणूस दुसऱ्याच्या दारावरून जातो तशी. तांब्यावरचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत ती दुपार घालवायची. चवड्यांवर चालायची, टाच म्हणून टेकवायची नाही. वरण भाताला लागलं की ताट लोटून द्यायची. बोलणं काहीच नाही.

उपाय चालू होते. वेखंड उगाळून जिभेवर लावून झालं. मग एका म्हातारीनं सांगितलं, पोपटानं उष्टावलेला पेरू चारा, पोर पोपटासारखी बोलंल. इंदूचे वडील पेरूच्या झाडावर चढले, मुंगळ्यांकडून चावून घेतलं आणि चोचीची खूण असलेला पेरू घेऊन आले. इंदूनं तो फेकला, शेळीनं खाल्ला. "तवापासून शेळी लई बोलू राह्यली," असं हे पुढं कित्येक दिवस गंभीर तोंडानं सांगत.

कुणी म्हणालं, पोटावर डाग द्या. तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी सांगणाऱ्याला एवढंच विचारलं, "आधी तुझ्या पोटावर देऊन बघू का?" तो विषय तिथंच संपला.

आत्याबाईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हे अंगावर पीत होते तेव्हाच त्यांचे मालक गेले. तेव्हापासून त्यांचे हात भुंडे. बोलायच्या कमी, आणि बोलल्या तर समोरच्याला बसायला जागा लागायची. इंदू घरात एकट्या त्यांच्याकडं जायची. तेही तोंडानं नाही, पाठीनं. बैलगाडी मागं घ्यावी तशी उलटी उलटी सरकत त्यांच्या मांडीत जाऊन बसायची. आत्याबाई काही लाड करायच्या नाहीत. दोन्ही दंडांत तिला कडब्याच्या पेंढीसारखी आवळून धरायच्या आणि समोर बघत बसायच्या. इंदू तिथं निवांत व्हायची, डोळे मिटायची.

आणि मी? मी चुलीपुढं बसून जळायची. मला वाटायचं, म्हातारी लेकरू फितवून राह्यली. एकदा मी यांना म्हणालेसुद्धा, "तुमच्या आईनं काहीतरी केलंय पोरीला."

"केलंय ना," हे म्हणाले. "मांडीवर घेतलंय."

औरंगाबादला

शेवटी यांनीच ठरवलं. एसटीनं सिल्लोडवरून औरंगाबाद. मी, आत्याबाई आणि हे. इंदू सगळा रस्ता आत्याबाईंच्या पदरात डोकं खुपसून होती. मी शेजारी बसले होते, आणि खड्डा आला की माझे दोन्ही हात वाजत होते.

डॉक्टर चष्म्याचे, मवाळ आवाजाचे. त्यांनी इंदूच्या पाठीमागं जाऊन किल्ल्यांचा जुडगा हलकाच हलवला. तिचे खांदे चटकन वर आले. त्यांनी पुन्हा हलवला, पुन्हा खांदे वर.

"हिला ऐकू येतं," ते म्हणाले. "उत्तम येतं."

मला इतका आनंद झाला की मी उठलेच. पिशवी उचलली. मला वाटलं, झालं, पोर बरी झाली, आता सिल्लोडची गाडी धरू. डॉक्टर म्हणाले, "बाई, बसा."

मग त्यांनी पुष्कळ विचारलं. शेवटी ऑटिझम असा एक शब्द सांगितला. आता त्याला स्वमग्नता म्हणतात आणि पेपरातही लिहून येतं. तेव्हा तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि यांनीही. यांनी विचारलं, "गोळ्या किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नाहीत." वर पंखा फिरत होता, आणि इंदू मान वर करून त्याच्याकडं बघत होती. मला वाटतं, तिथं तीच एक खुशीत होती.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "पुस्तकांत असं म्हणतात की आईकडून जवळीक कमी मिळाली, तर मूल असं आत आत जातं. तुम्ही हिला जवळ घेता का?"

 कोपरापर्यंत बांगड्या घालून बसलेल्या बाईला तो माणूस विचारत होता, तुझं प्रेम कमी पडलं का. भिंतीशी खाली बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टर, हिची जवळीक कमी न्हाई. लई जादा हाये. सांडू राह्यली."

डॉक्टर हसले आणि त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. माणूस वाईट नव्हता. तेव्हाची पुस्तकंच तसं सांगत होती आणि नंतर पुस्तकांनीच ते मागं घेतलं. पण तो प्रश्न माझ्या अंगात पुढं कित्येक वर्षं राहिला. म्हणून इथं ठळक सांगते. लेकरू असं असणं ही आईची करणी नसते, आजीची नसते, ग्रहणात चिरलेल्या भाजीची नसते. एवढं एक कळलं तरी अर्धं ओझं उतरतं.

वॉर्डात

काही दिवस ठेवून बघू म्हणाले. लहान मुलांच्या वॉर्डात इंदूला खाट मिळाली. खाटेखाली मी आणि आत्याबाई सतरंजीवर. हे गावाकडं परतले, रब्बीचं पाणी द्यायचं होतं.

सकाळी फिनेल, मग दूध-पाव, मग चाकाची लोखंडी गाडी खडखडत यायची आणि सगळी लेकरं आधीच रडायला लागायची. इंदूला सुईचं भय नव्हतं, गाडीच्या आवाजाचं होतं. आवाज आला की ती डोकं खाटेच्या दांड्यावर आपटायची. मी तिला सोडवायला जायची आणि ती आणखी जोरात आपटायची. आत्याबाईंनी घोंगडी टाकून आवळलं की थांबायची. पूर्ण वॉर्ड बघायचा. सगळ्यांना दिसत होतं, लेकराला आई नको आहे.

शेजारच्या खाटेवर औरंगाबादच्याच एका मुसलमान बाईंचा मुलगा होता, पायानं अधू. त्यांना सगळा वॉर्ड आपा म्हणायचा. तो पत्र्याचा डबा चमच्यानं बडवत बसायचा. पहिल्याच दिवशी आपांनी इंदूकडं पाहिलं, डब्यात ओढणी कोंबली आणि परत दिला. मुलगा बडवत राहिला, आवाज नाही. मला म्हणाल्या, "रोनेका नै. बच्ची देखती ना. चाय पियो पैले." त्यांच्या त्या चहात साखर इतकी असायची की रडायला तोंडच उघडायचं नाही. पुढं मी खूप मोठमोठ्या लोकांचे सल्ले ऐकले, पण न सांगता डब्यात ओढणी कोंबणारी बाई मला पुन्हा भेटली नाही.

वॉर्डाच्या टोकाला व्यायामाची खोली होती. गाद्या, फळ्या, छताला दोराचा झोपाळा. तिथल्या कुमुदताई नागपूरला शिकून आल्या होत्या. उंच, सुती पातळ, केसांत एक फूल. पहिल्या दिवशी त्यांनी इंदूला हातसुद्धा लावला नाही. गादीवर लांब बसून बघत राहिल्या. मला वाटलं, यांना पगार कशाचा मिळतो?

मग त्यांनी विचारलं, "ही घरात आपणहून काय करते? काय ओढते, कुठं शिरते?"

मी म्हणाले, "काहीच करत न्हाई हो. कोपऱ्यात शिरून बसती."

आत्याबाई म्हणाल्या, "कणगी अन् भिंत ह्याच्यामधी शिरती. जागा जितकी चिप्प, तितकं तिला बरं. पोतं ढकलती. गोधड्यांच्या खाली जाती, वरून आणखी टाका म्हणून हात धरून नेती."

कुमुदताईंनी मान हलवली. "आणि आजीकडं जाते, आईकडं नाही. कधीपासून?" मी खाली मान घातली. आता पुन्हा तोच प्रश्न येणार, तुमचं प्रेम...

तो आला नाही. त्या म्हणाल्या, "आई, जरा तिच्या पाठीवर हात ठेवा. नेहमी ठेवता तसा."

मी हात पुढं केला. हात इंदूपासून चांगला वीतभर लांब होता, आणि तिचे खांदे कानाला भिडले. डॉक्टरांच्या किल्ल्या वाजल्यावर आले होते, अगदी तसेच.

"थांबा," कुमुदताई म्हणाल्या. "आजी, हिच्या मनगटाला तुमच्या मुठी आवळा. बांगड्या हलता कामा नयेत."

आत्याबाईंनी माझे दोन्ही हात बांगड्यांसकट घट्ट धरले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला हात लावायची ती पहिलीच वेळ असेल. "आता ठेवा. गोंजारू नका. दाबा. भाकरीचं पीठ मळता तसं." मी दाबलं. इंदू उठली नाही. वळलीही नाही, पण उठली नाही. तिच्या पाठीचा कणा माझ्या तळव्याला लागला. तीन वर्षांच्या माझ्या लेकराची पाठ मला त्या दिवशी कळली.

कुमुदताई म्हणाल्या, "मलाही यातलं सगळं कळत नाही. नवंच आहे. पण मला वाटतं, आपल्याला छनछन वाटते ती हिला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाटत असेल, आणि हलका हात म्हणजे अंगावर मुंग्या. जड आणि घट्ट असलं की तिला तिचं अंग सापडतं. तुम्ही लहानपणी आणलीत हे फार चांगलं केलंत. आत्ता शरीर शिकतं, पुढं जास्त कष्ट पडतात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बांगड्या उतरवाव्या लागतील."

आत्याबाईंनी माझे हात एकदम सोडले. इंदू दचकून कान दाबत गादीखाली गेली.

साबणाचं पाणी

परतीच्या एसटीत आत्याबाई सारख्या माझ्या हातांकडं बघत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "चिंध्या बांध वरून." मी बांधल्या. दोन्ही हात भाजल्यासारखे दिसायला लागले. पण भाकरी थापताना चिंध्या सुटायच्या, पाणी शेंदताना निसटायच्या आणि नेमक्या इंदूजवळ गेले की वाजायच्या. यांना विचारलं तर हे म्हणाले, "माझं काही म्हणणं न्हाई. पण आईला इचार." म्हणजे मेलेलं मांजर पुन्हा माझ्याच दारात.

एका सकाळी आत्याबाईंनी परातीत साबणाचं पाणी कालवलं. समोर गोधडी अंथरली. "हात दे."

त्या एकेक बांगडी उतरवू लागल्या. माझा अंगठा मुठीत दाबून, हाडं चेपून, हळूहळू. उतरलेली बांगडी गोधडीवर ठेवायच्या, दुसरीला लागू द्यायच्या नाहीत. एका वेळी म्हणाल्या, "माझे हात दगडावर आपटले व्हते लोकांनी. हितं काच रुतली व्हती." मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरी खूण होती. मी ती रोज बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. "तुझ्या उतरवून राह्यले मी. फोडून न्हाई. कोणी इचारलं तं बराबर असंच सांगायचं. माझा लेक जित्ता हाये."

शेवटी त्यांनी दोन्ही मनगटांना हळदीत भिजवलेला दोरा बांधला. मी ढसाढसा रडत होते. आत्याबाईंना वाटलं, सौभाग्याची भीती वाटून रडते. खरं सांगू? मला शहाणीला सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्यांचं वाईट वाटत होतं.

यांचं मरण

भुंड्या हातांनी विहिरीवर गेले. कुणी काही विचारलं नाही. तिथंच मी ओळखायला हवं होतं. बाया विचारत नाहीत म्हणजे त्यांनी स्वतःच उत्तर काढलेलं असतं.

बाजारच्या दिवशी ते उत्तर माझ्या माहेरापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीपासूनच हंबरडा ऐकू आला. माझी माय आणि थोरला भाऊ. दादाच्या काखेत पांढरं लुगडं. माय छाती पिटत, "माझ्या लेकीचं कपाळ फुटलं गंऽ" करत गल्लीतून येत होती, आणि मागून गल्लीतल्या बाया.

हे ओसरीवर भाकरी-ठेचा खात होते. घास तसाच ठेवून लगबगीनं उठले, दादाला धरलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

दादा आ वासून बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी... तुमीच."

"मला कोणी सांगितलं न्हाई," हे म्हणाले.

माय रडता रडता थांबली, यांच्याकडं बघितलं, आणि आता काय करावं हे न कळून पुन्हा रडायला लागली. आता मला हसू येतं. तेव्हा आलं नाही, कारण त्या गलक्यात इंदू कणगीमागं डोकं आपटत होती. आत्याबाई आतून आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"गप! समदे गप! लेकरू भेऊ राह्यलं."

गल्ली गप्प झाली.

"सूनबाईच्या बांगड्या मी उतरवल्या. ह्या हातानं. काय इचारायचं ते मला इचारा."

कुणी विचारलं नाही. विधवेनं सुनेचे हात मोकळे केले, यावर पुढं वर्षभर गावात बोललं गेलं. हळदी-कुंकवाला मला बोलावणं यायचं बंद झालं. एका लग्नात मला नवरीजवळून उठवलं. आत्याबाई म्हणाल्या, "ऊठ. आपल्याला बी पोरीकडं जायचंच हाये." दादानं ते पांढरं लुगडं परत नेलं नाही. आम्ही त्याची इंदूसाठी झोळी केली.

रोजचं

कुमुदताईंनी घरी काय करायचं ते सांगितलं होतं. सकाळी इंदूला गोधडीत गुंडाळून लाटणं फिरवल्यासारखं जमिनीवर इकडून तिकडं. मग झोळीत एका संथ लयीत झोके. परातीत ज्वारी, दुसरीत हरभरा, त्यात हात बुडवायचे, आधी बोटं, पुढं मनगटापर्यंत. वावरात गेलो की ढेकळांवरून अनवाणी चालायचं, रिकामं टोपलं ओढायचं, पुढं भरलेलं. बोलायला लावायचं नाही. कुमुदताई म्हणायच्या, "आधी पाय जमिनीला लागू द्या, जीभ नंतर."

महिना-दीड महिन्यानं त्यांच्याकडं खेप व्हायची. टाच टेकू लागली. ढेकळांत पडेनाशी झाली. डोकं आपटणं कमी झालं, आणि थंडीत एकदा ज्वारीत हात घालून ती हसली. हे सगळं व्हायचं, आणि व्यायाम संपला की इंदू माझ्या हातातून उठून, पाठ वळवून, उलटी सरकत आत्याबाईंच्या मांडीत. मी तिला लाटायची, झुलवायची, दाबायची. ती ते करू द्यायची, हजामतीला बसलेला माणूस न्हाव्याला करू देतो तसं. आपणहून माझ्याकडं आली नाही.

तेव्हा मी वाईट वागले. यांच्यावर खेकसायची. आत्याबाईंशी दोन दोन दिवस बोलायची नाही. एकदा वैतागून म्हणाले, "बांगड्या गेल्या, गावात तोंड दाखवायला जागा न्हाई, अन् पोरगी तुमचीच!" त्या दिवशी इंदू पाठीनं सरकत आली, तर आत्याबाई उठून गोठ्यात गेल्या. इंदू तिथं मोकळ्या जागेवर बसून राहिली, माझ्याकडं आलीच नाही. तिचा तो रिकाम्या जागेत टेकायचा प्रयत्न बघून मीच आत्याबाईंना हाक मारली, "या हो. बसा तिच्याजवळ."

आयांनो, एवढंच सांगते. लेकरू कुणाच्या का मांडीत असेना, निवांत आहे ना, ते आधी बघा. मला हे कळायला गाढवापेक्षा जास्त वेळ लागला.

आता इंदू पन्नाशीच्या पुढं आहे. बरी झाली का, असं विचाराल तर तसं काही झालं नाही. बोटावर मोजण्याएवढे शब्द बोलते, तेही मनात आले तर. पण स्वतःची आंघोळ, स्वतःचं जेवण, शेळ्यांचं पाणी, धुणं पिळणं तिचं ती करते. धुणं तर असं पिळते की पातळं वाळत घालायच्या आधीच वाळलेली असतात. नव्या माणसाची सवय व्हायला तिला तीन दिवस दिले तर चौथ्या दिवशी त्याच्याशेजारी येऊन उभी राहते. लहानपणीच तिचं अंग तिला सापडलं, म्हणून बाकीचं झालं, असं मी मानते. कुमुदताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मला वाटतं."

पण मला सांगायची आहे ती एक दुपार. व्यायाम सुरू करून वर्ष उलटून गेलं होतं. मी ओसरीवर पाय पसरून अंबाडीची भाजी निवडत होते. आत्याबाई समोरच्या भिंतीला टेकून, इंदू त्यांच्या मांडीत. मी काही ती यावी म्हणून बसले नव्हते. ते वाट बघणं मी कधीच सोडलं होतं.

इंदू उठली. अंगणाकडं निघाली असं वाटलं. मधेच थांबली, वळली, आणि पाठ माझ्याकडं करून एकेक पाऊल मागं सरकू लागली. तिची टाच माझ्या पावलाला लागली. मी भाजी हळूच बाजूला केली. ती टेकली, पूर्ण भार टाकून, ज्वारीचं पोतं टेकावं तशी. मी तिला दोन्ही दंडांत आवळलं. तिनं डोकं मागं माझ्या छातीवर टाकलं आणि डोळे मिटले.

आत्याबाई समोरून बघत होत्या. त्यांच्या मांडीवरच्या पातळाला अजून चुण्या पडलेल्या होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"रडायचं आसंल तं तोंड तिकडं कर. टिपूस पडलं तिच्यावर, तं उठून जाईल."